आवक, जावक आणि तीस गुंठे ऊस

म्हस्कू मारकडच्या दारासमोर तीस गुंठे ऊस उभा होता आणि त्याच तीस गुंठ्यांत सतरा फेब्रुवारीला त्याच्या मनिषाचं लग्न होतं. ऊस आणि लग्न एका रानात एका वेळी उभं राहत नाही, हे कळायला फार शिकावं लागत नाही. पण सत्त्याण्णव सालच्या त्या फेब्रुवारीत हीच गोष्ट एका कंप्युटरला, एका हेडक्लार्कला आणि कारखान्याच्या अख्ख्या शेतकी खात्याला समजावता समजावता म्हस्कूच्या तोंडाला फेस आला.

लग्न दुसरीकडे घ्या, असा फुकटचा सल्ला देणारे पुष्कळ होते. पण अंथुर्ण्यात म्हस्कूच्या घरामागून पाण्याची चारी जाते, डाव्या हाताला शेजाऱ्याची डाळिंबं आहेत आणि मांडव पडेल एवढं सपाट रान काय ते दारासमोरचं. शिवाय प्रश्न शब्दाचा होता. थोरल्या सुकन्याचं लग्न बारामतीच्या एका कार्यालयात झालं, त्याला सहा वर्षं उलटली तरी त्याच्या बायकोचा, सारजाबाईंचा, राग उतरला नव्हता.

"परक्याच्या फरशीवर लागलं माझ्या लेकीचं लगीन," त्या येईल-जाईल त्याला सांगत. "शेवटची पंगत उठली न्हाय तवर कार्यालयवाला झाडू घिऊन उभा! म्हणतो, पाचला दुसरी पार्टी हाय. लेकीची वटी भरली ती बी घाईघाईत, उभ्या-उभ्या."

तेव्हाच म्हस्कूनं बायकोला शब्द दिला होता, "मनीचं लगीन आपल्या दारात. बघू तितनं तुला कोन उठीवतं."

आता शब्द दिला तेव्हा दारात ऊस नव्हता. मधल्या काळात त्यानंच तो लावला. पण त्याचा हिशेब सरळ होता. ऊस पंधरा महिन्यांचा झालेला, फेब्रुवारीत तोड येणारच. एक तारखेला कारखान्याच्या गट ऑफिसच्या फळ्यावर यादी लागली आणि तीत लिहिलं होतं, 'म्हस्कू मारकड, अंथुर्णे, तोड बारा फेब्रुवारी, गाड्या वीस.' म्हस्कूनं तिथंच बोटांवर दिवस मोजले. बाराला तोड, तेराला पाचट पेटवायचं, चौदाला रान सपाट करायचं, पंधराला मांडव. दुसऱ्या दिवशी पत्रिका छापायला गेल्या. 'विवाहस्थळ : वधूपित्याच्या दारासमोर.' लासुर्ण्याच्या मांडववाल्याला सुपारीही दिली.

आता ही यादी कशी निघत होती ते सांगितलं पाहिजे. पूर्वी कुणाचा ऊस कधी तुटणार हे गट ऑफिसात ठरायचं आणि त्यात ऊस किती पिकलाय याबरोबर चहा किती गोड होता हेही धरलं जायचं. त्यावर तक्रारी झाल्या, म्हणून कारखान्यानं त्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीकडून एक प्रोग्रॅम घेतला. तो म्हणे सगळा हंगाम आधी आपल्या पोटात चालवून बघायचा. खऱ्या रानात कोयता पडायच्या आत कंप्युटरच्या रानात ऊस तुटायचा, गाड्या भरायच्या, वजनकाट्यावर चढायच्या. आणि मग तो सांगायचा की कुणाची तोड किती दिवसांनी आणि कुणाला गाड्या किती. त्याला फक्त एक फाईल द्यायची. तीत नाव, त्यापुढे गुंठे, त्यापुढे उसाचं वय महिन्यांत. तो दुसरी फाईल परत द्यायचा. तीत नाव, त्यापुढे दिवस, त्यापुढे गाड्या. या यादीवरनं निघालेली चिठ्ठी नसेल तर ऊस काट्यावर घेत नसत. स्वतःच्या हातानं तोडून ठेवला तर तो बांधावर वाळायचा.

हा कंप्युटर सांभाळायला शेतकी खात्यात ज्योत्स्ना नावाची मुलगी लागली होती. इंदापूरची, बारामतीला कंप्युटरचा डिप्लोमा केलेली, वय तेवीस. खात्यात त्या यंत्राला न घाबरणारी ती एकटीच. बाकीचे चपला बाहेर काढून, गार खोलीत हात जोडल्यासारखे उभे राहत. आणि तिच्या हाताखाली शिकायला दिलेले होते हेडक्लार्क रावजी. वय त्रेपन्न, नोकरी सव्वीस वर्षं, त्यातली बावीस आवक-जावक टेबलावर गेलेली. येणारा प्रत्येक कागद आवकच्या रजिस्टरात, जाणारा प्रत्येक कागद जावकच्या रजिस्टरात. मुलाचं बारावीचं सर्टिफिकेट घरात आलं तेव्हाही त्यांनी त्याच्या मागं तारीख आणि नंबर घातला होता.

"मॅडम, ह्ये इनपुट-आउटपुट काय प्रकरण हाय?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं.

"काका, इनपुट म्हणजे आत येणारी फाईल. आउटपुट म्हणजे बाहेर जाणारी."

"म्हंजी आवक-जावक! मग सरळ सांगा की. इंग्रजीत कशापायी घाबरिवता?"

ज्योत्स्ना हसली आणि तिनं फायलींना तीच नावं दिली. आत जाणारी आवक, बाहेर येणारी जावक. रावजी खूश झाले. एवढं मोठं पुण्याचं यंत्र शेवटी आपल्याच टेबलावर आलं, असं त्यांना वाटलं.

सात फेब्रुवारीला ज्योत्स्नाला आठ दिवसांच्या ट्रेनिंगला पुण्याला जावं लागलं. जाताना तिनं वहीच्या पानावर सगळं लिहून दिलं. रोज सकाळी बटण दाबा. इनपुटचं नाव विचारेल ते द्या. आउटपुटचं नाव विचारेल ते द्या. चालू करा, यादी छापा, गट ऑफिसला पाठवा.

रावजींनी बटण दाबलं. यंत्रानं इनपुटचं नाव विचारलं. त्यांनी एका बोटानं 'आवक' लिहिलं. मग आउटपुटचं विचारलं आणि रावजी थबकले. बावीस वर्षांचं एक जुनं दुखणं वर आलं. इथून जावक झालेला कागद गट ऑफिसला पोचला की तिथं तो आवक असतो. पण गट ऑफिसवाले आवक करतच नसत. इथून दोनशे बारा नंबरनं गेलेला कागद तिथं मिळायचा नाही आणि वर "तुमी धाडलाच न्हाय" म्हणायची त्यांची तयारी. या एका भांडणात रावजींचे केस पिकले होते. आज नाव घालायचा अधिकार आपल्या बोटात आहे, तर समोरच्याची आवक आपणच का करून टाकू नये? त्यांनी आउटपुटपुढेही 'आवक' लिहिलं.

यंत्र भलतं सालस. त्यानं विचारलं, 'या नावाची फाईल आहे. तिच्यावर लिहू का?'

"फायलीवर लिवायचं न्हाय तर काय भितीवर लिवायचं?" असं म्हणून रावजींनी 'होय' दाबलं.

म्हणजे झालं असं, की त्या दिवसापासून कंप्युटर जे उत्तर देत होता ते प्रश्नाच्या जागी जाऊन बसत होतं आणि दुसऱ्या दिवशी तो तेच उत्तर नवा प्रश्न म्हणून सोडवायला घेत होता. पहिल्या दिवशी यादी अगदी बरोबर निघाली. चुकीची निघाली असती तर गोष्ट तिथंच मिटली असती. म्हस्कूच्या नावापुढे 'पाच दिवस, गाड्या वीस' होतं. रावजींनी देवकाते साहेबांपुढे यादी ठेवली. हे देवकाते शेतकी अधिकारी. त्यांनी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी कंप्युटरनं म्हस्कूची ओळ वाचली. पाच दिवसांचे झाले पाच गुंठे आणि वीस गाड्यांचं झालं वीस महिने वय. ज्या बड्या बागायतदारांच्या गाड्या सव्वाशे-दीडशे होत्या, त्यांचा ऊस तेवढ्या महिन्यांचा म्हातारा ठरला आणि तो आधी तोडायला हवा होता. म्हस्कूचा नंबर गेला थेट शेपटाला. आठ जुलै, गाड्या तीन.

म्हस्कू फळ्यासमोरून तसाच सायकलवर टांग टाकून कारखान्यावर आला.

"रावजी, जुलैत कारखाना चालू असतो व्हय?"

"न्हाय. पट्टा एप्रिलात पडतो, मग गाळप बंद."

"मग माझा ऊस कोन तोडनार?"

"तात्या, यादीत तारीख हाय ना? तारीख हाय म्हंजी तोड हाय."

"अवो पर सतराला पोरीचं लगीन हाय त्याच रानात! पावनं काय सरीत बसवू? नवरदेव एका सरीत, नवरी दुसऱ्या सरीत, आन् भटजी मधी वाकून बघतोय?"

रावजींना वाईट वाटलं, खरंच वाटलं. त्यांच्या हातात जे होतं ते त्यांनी केलं. म्हणाले, "अर्ज द्या. मी सोता आवक करून घेतो."

म्हस्कूनं अर्ज दिला. रावजींनी नंबर घातला, शिक्का मारला आणि अर्ज कंप्युटरच्या डोक्यावर ठेवला, म्हणजे त्याला दिसेल.

तिसऱ्या दिवशी नवी यादी आली. तोड जुलैतच होती, पण गाड्या तीनच्या शंभर झाल्या होत्या. कारण उघड होतं. आदल्या दिवशीचे दीडशे दिवस आता दीडशे गुंठे झाले होते आणि तीन गाड्यांचा ऊस तीन महिन्यांचं कोवळं पोर ठरला होता. पण हे कुणाला माहीत?

"बगा," रावजी म्हणाले, "अर्ज लागू पडला."

"तीस गुंठ्यात शंभर गाड्या ऊस निगंल का, रावजी? तुमी शेतकऱ्याचंच ल्योक ना?"

"आज न्हाय निगणार. पर जुलैपत्तुर वाढंल की! कंप्युटरनं वाढ धरली असंल. त्यो लई पुढचं बघतो."

म्हस्कू घरी येऊन ओट्यावर बसला. सारजाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, "काय म्हनला त्यो डबा?"

"जुलैत तोडतो म्हनला. शंभर गाड्या."

"मग त्याला म्हनावं, जुलैत लेक आखाडाला माहेरी यील, तवा ये. लगीन सतरालाच हाय." सारजाबाई एवढंच बोलल्या आणि आत गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर म्हस्कूला बरं वाटलं असतं. बाईमाणूस एवढं कमी बोललं की नवऱ्याला जेवण जात नाही.

चौथ्या दिवशी मात्र चमत्कार झाला. शंभर गाड्यांचं झालं शंभर महिने वय. आठ वर्षांहून जुना ऊस म्हटल्यावर कंप्युटरसुद्धा दचकला असावा. यादीत म्हस्कू सगळ्यांच्या वर. तोड उद्या, गाड्या शंभर. या वेळी म्हस्कू विचारायला गेला नाही. देवानं दिलं तर मोजून घेऊ नये, एवढी अक्कल त्याला होती.

अकरा तारखेला उजाडायच्या आत पाणंदीतून घुंगरांचा आवाज सुरू झाला तो थांबेना. चार टोळ्यांच्या शंभर बैलगाड्या, दोनशे बैल, नवरा-बायकोच्या शंभर जोड्या, त्यांची पोरं, कोंबड्या आणि सगळ्यांचा म्होरक्या सिद्धू मुकादम, बीडकडचा, डोक्याला लाल पटका.

"म्हस्कू मारकड तुमीच का?" त्यानं विचारलं आणि रानाकडे बघून पुन्हा विचारलं, "बाकीचं रान कुठंशी हाय?"

"एवढंच हाय."

"मालक, शंभर गाड्याची चिठ्ठी हाय."

"चिठ्ठी मोठी असंल. रान एवढंच हाय."

दोनशे कोयते लागले तेव्हा तीस गुंठे ऊस न्याहारीच्या आत आडवा झाला. इतका पटकन, की म्हस्कूनं चहाला आधण ठेवायला सांगितलं आणि चहा येईतो वीस गाड्या भरून रस्त्याला लागल्या होत्या. म्हस्कूला आनंदानं काही सुचेना. त्यानं बायकोला हाक मारली, "सारजे, भाईर ये! बघ, तुझं रान!"

सारजाबाई बाहेर आल्या. ऊस गेला होता. त्या जागी ऐंशी रिकाम्या गाड्या, एकशे साठ बैल आणि तीन दगडांच्या पन्नासेक चुली होत्या.

"आता ह्यास्नी बी जायला सांगा," त्या म्हणाल्या.

"कुठं जाऊ, आक्का?" सिद्धू मुकादम म्हणाला. "दुसऱ्या रानाची चिठ्ठी न्हाय. चिठ्ठीबिगर तोडला तर काट्यावर घेत न्हाईत. चिठ्ठी येईस्तर हितंच."

चिठ्ठी आली नाही. दुसऱ्या दिवशी आली ती आणखी एक गाडी. यादीत आता म्हस्कूच्या नावावर एक गुंठा क्षेत्र लागलं होतं आणि त्यासाठी इमानानं एक गाडी पाठवली होती. गाडीवाला बिचारा रानभर फिरून एक गुंठा शोधत होता. शेवटी तोही बैल सोडून बसला. ऐंशीच्या एक्क्याऐंशी झाल्या.

तिकडे कारखान्यावरही आता ओरड सुरू झाली. जिथं पन्नास गाड्या हव्यात तिथं दोन आणि जिथं दोन हव्यात तिथं पन्नास. ज्या टोळ्यांच्या पुढ्यात ऊस होता त्या तिथंच तोडत राहिल्या म्हणून कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडून गाळप चालू होतं, एवढंच. देवकाते साहेबांनी पुण्याला फोन लावला आणि ज्योत्स्ना ट्रेनिंग अर्धवट टाकून बारा तारखेच्या दुपारी एस.टी.नं परत आली. तिनं कंप्युटर उघडला, फाईल बघितली आणि खुर्चीत मागं टेकली.

"साहेब, लासुर्ण्याच्या एका माणसाचा ऊस यात साडेबारा वर्षांचा आहे."

"आं? ऊस हाय का वडाचं झाड?"

"काका," ज्योत्स्नानं रावजींकडं वळून विचारलं, "आउटपुटला नाव काय दिलंत?"

"आवक."

"आणि इनपुटला?"

"आवक. दोन्हीकडं एकच. म्हंजी भानगड नको."

ज्योत्स्नानं कपाळाला हात लावला. मग तिनं कागदावर रेघा ओढून समजावलं, दिवसांचे गुंठे कसे झाले आणि गाड्यांचे महिने कसे झाले ते. रावजी ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. देवकाते साहेब तेवढ्यात बरंच काही बोलून गेले. त्यातलं छापण्याजोगं एवढंच होतं की "सव्वीस वर्षं काय गवत उपटलं का?"

"साहेब, सव्वीस वर्षांत माझा एक कागद गहाळ न्हाय," रावजी म्हणाले. "आन् आता मी सतराशे शेतकऱ्यांचं रान गहाळ केलं म्हंता."

ज्योत्स्नाला त्यांची दया आली. तिला स्वतःचाही राग आला; तिनं दुसरी प्रत ठेवायला हवी होती, ती ठेवली नव्हती. मूळ माहिती पुसून गेली होती. आता सतराशे जणांचे गुंठे आणि लागणीचे महिने पुन्हा गावोगाव फिरून गोळा करायचे म्हणजे हंगाम संपणार.

"मूळ माहिती म्हंजी सहा तारखेची आवक ना?" रावजींनी हळूच विचारलं. "ती हाय की. छापून, शिवून, नंबर घालून कपाटात ठिवलीय. कंप्युटरचा काय भरवसा!"

गठ्ठा निघाला तेव्हा ज्योत्स्ना त्यांच्या पाया पडायचीच बाकी राहिली. मग दोघं कामाला बसली. रावजी वाचत, ज्योत्स्ना टाईप करी. नाव, गुंठे, महिने. नाव, गुंठे, महिने. तेरा, चौदा, पंधरा, सोळा, चार दिवस हेच चाललं. शेवटी शेवटी रावजी घरी बायकोला हाक मारतानाही तिच्या नावापुढं गुंठे सांगायला लागले.

इकडे पंधरा तारखेला लासुर्ण्याचा मांडववाला ट्रॅक्टरभर खांब घेऊन आला आणि रानाकडे बघतच राहिला.

"तात्या, खांब रोवू कुठं? बैलाच्या पाठीवर?"

"दोन दिस थांब. चिठ्ठी येतीय."

"परवा लगीन हाय न्हवं?"

"मला म्हाईत हाय परवा लगीन हाय!" म्हस्कू खेकसला. पाच दिवसांत तो पहिल्यांदाच कुणावर खेकसला होता आणि लगेच त्याला रडू यायला झालं. दिवसातनं चार वेळा तो गट ऑफिसला खेटे घालत होता. सिद्धू मुकादमही त्याच्याबरोबर असायचा. दोघांना एकच गोष्ट हवी होती आणि दोघांनाही एकच उत्तर मिळायचं, "टायपिंग चालू हाय."

सारजाबाईंनी मात्र पदर खोचला होता. टोळीतल्या बाया हौदावर पाण्याला यायच्या. त्यांनाच त्यांनी जात्यावर, हळदीवर बसवलं. सोळाच्या दुपारी मनिषाला हळद लागली तेव्हा ओट्यावर भावकीतल्या बाया दहा आणि टोळीतल्या सत्तर होत्या. गाणी अशी झाली की चारीच्या पलीकडचे लोक बांधावर येऊन ऐकत बसले. आणि एकशे बासष्ट बैलांनी पाच दिवस तुडवल्यामुळे रानातल्या सऱ्या कधी मोडल्या आणि रान कधी अंगणासारखं झालं, ते कुणाला कळलंही नाही.

सोळाला सूर्य मावळायच्या आत चिठ्ठ्या निघाल्या. यादी बरोबर, बेरीज बरोबर, इनपुट वेगळं, आउटपुट वेगळं, दोन्हींच्या दोन-दोन प्रती. सतराला पहाटे सिद्धू मुकादम नव्या चिठ्ठ्या घ्यायला गाड्या जुंपून गट ऑफिसकडे निघाला. जाताना टोळीतल्या गड्यांनी मांडवाचे खांब उभे करून दिले. सगळं रान मोकळं झालेलं बघून म्हस्कूला वाटलं, आपण आता पुढची दहा वर्षं कापूससुद्धा लावू नये.

वऱ्हाड भिगवणहून आलं. दोन ट्रक आणि एक जीप. पण पाणंदीत चारीचं पाणी फुटलेलं, ट्रक आत येईनात. ते पक्क्या रस्त्यालाच थांबले आणि वऱ्हाडाला दीड किलोमीटर चिखलातनं चालत यावं लागलं. नवरदेव सूरज निमूट होता, पण त्याच्या मामांच्या नव्या बुटांचं चिखलात जे व्हायचं ते झालं होतं.

"येताना आलो," मामा मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "जाताना नव्या नवरीला बी चिखलातनंच न्यायची का? असं दारात लगीन करण्यापरास बारामतीला एकांदं कार्यालय न्हाई का मिळालं?"

सारजाबाईंनी ते ऐकलं आणि त्या अक्षतांचं ताट आणायला आत गेल्या. म्हस्कूनं मान खाली घातली.

साडेअकराला अंतरपाट धरला. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, टाळ्या वाजल्या आणि त्या टाळ्यांत मागून घुंगरं वाजली. लोकांनी माना वळवल्या. पाणंदीतून रिकाम्या बैलगाड्या येत होत्या. पुढच्या गाडीवर लाल पटका होता.

"सिद्धूराव, तुमी?" म्हस्कू धावत गेला. "काय राह्यलं का हितं?"

सिद्धू मुकादम खाली उतरला. त्याचा चेहरा चोरी सापडल्यासारखा झाला होता. "तात्या, मला वाचाय येत न्हाय. गट ऑफिसात दिली ती चिठ्ठी घिऊन निगालो. बैलं आपूआप हिकडं वळली तवा वळखलं. बगा की काय लिवलंय."

लग्नाला आलेली ज्योत्स्ना आणि रावजीही तिथं पोचले होते. ज्योत्स्नानं चिठ्ठी हातात घेतली. 'म्हस्कू मारकड, अंथुर्णे. क्षेत्र तीस गुंठे. ऊस पंधरा महिने. तोड सतरा फेब्रुवारी. गाड्या वीस.' सगळं अचूक होतं. सहा तारखेच्या कागदावरून जसंच्या तसं टाईप केलेलं, मधले पाच दिवस खोळंबा धरून तोड पाच दिवस पुढं ढकललेली. फक्त हा ऊस अकरा तारखेलाच तुटला, हे फाईलला सांगायचं राहून गेलं होतं.

"तात्या, ही चूक माझी आहे," ज्योत्स्ना म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "काकांची नाही. माझी."

रावजींना आता बोलायची संधी होती. पण ते म्हणाले, "मॅडम, टाईप तुमी केलं, वाचून मीच दिलं. म्हंजी निम्मी निम्मी."

म्हस्कूचं मात्र त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. तो गाड्या मोजत होता. मग त्यानं मांडवात खुर्चीवर बसून बूट पुसणाऱ्या मामांकडं बघितलं आणि पाच-सहा दिवसांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला.

"सिद्धूराव, चिठ्ठीवर वीस गाड्या भरायच्या लिवल्यात ना?"

"व्हय. पर काय भरू? ऊस कुठाय?"

"वऱ्हाड भरा. पक्क्या रस्त्यापत्तुर सोडा."

सिद्धू मुकादमानं रावजींकडं बघितलं. रावजींनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि निर्णय दिला, "गाड्या कशानं भरायच्या ह्ये हितं लिवलेलं न्हाय."

आधी टोळीची पंगत बसली, मग गाड्यांवर सतरंज्या पडल्या, बैलांच्या शिंगांना मांडवातल्या झेंडूच्या माळा गुंडाळल्या. वीस बैलगाड्यांची वरात भिगवणच्या लोकांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. मामा पहिल्या गाडीत लोडाला टेकून बसले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "बगा, सोयऱ्यांनी मानपान राखला." सारजाबाईंनी लेकीची ओटी भरली, सावकाश, दोनदा भरली, आणि कुणी त्यांना उठवलं नाही. मग मनिषा सूरजशेजारी गाडीत बसली. गाड्या हलल्या. घुंगरांचा आवाज पाणंदीतून लांब लांब गेला आणि चारीपाशी वळल्यावर ऐकू येईनासा झाला.

म्हस्कू मांडवाच्या दारात उभा होता. सिद्धू मुकादम चिठ्ठी घेऊन पुढं झाला. गाड्यांमागं जायची त्याला घाई होती.

"तात्या, तेवढी सही द्या. गाड्या वीस, भरल्या. आन् ह्या खालच्या वळीत मालकाकडनं एक भरून घ्यायचं असतंय. रान मोकळं झालं का?"

म्हस्कूनं रानाकडं बघितलं. ऊस नव्हता, गाड्या नव्हत्या, बैल नव्हते. मांडवाखाली खुर्च्या होत्या आणि त्यांतल्या एकीवर सारजाबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. नऊ-दहा दिवस ज्या दोन शब्दांसाठी त्यानं कारखान्याचे उंबरे झिजवले, ते आता त्याच्या तोंडातून निघेनात.

"झालं," तो शेवटी म्हणाला. "लिव, झालं मोकळं." आणि त्यानं सही करायला पेन मागितलं, पण कुठं करायची ती जागा त्याला दिसेना.